दोन डोक्यांचं यंत्र

वाडी, ४ फेब्रुवारी २०२५

जयाताई,

पत्रच लिही म्हणालीस, म्हणून वहीचं पान फाडून बसलोय. फोनवर मी अर्धं ऐकतो, 'कळलं, कळलं' म्हणतो आणि मग भलतंच करतो, ही तुझी तक्रार मला मान्य आहे. गेल्या वर्षी तू 'पंखा साफ कर, पण आधी' एवढंच बोलली होतीस आणि मी तो पंखा पाण्याने धुतला होता. नाहीतरी वाडीत टेकडीच्या टेपावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि टेपावर चढलो की मी तिथून पुढे कुठेतरी जातो. त्यापेक्षा कागद बरा. कुशाबाची पिकअप शिनोलीहून एक दिवसाआड कोथिंबीर घेऊन मार्केट यार्डाला येते, तोच पाकीट आणेल. भाडं नको म्हणाला. फक्त वाचलं तर चालेल का, असं विचारत होता.

तर विषय असा. तुझ्या कंपनीने मोडीत काढलेलं ते दोन प्रोसेसरचं वर्कस्टेशन तू मामांच्या घरी आणून ठेवलंस, त्याला आता काम लागलंय. वाडीच्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा करायचा म्हणून मामा दोन वर्षं चपला झिजवतायत. हे तुला काय सांगायचं, तुझेच वडील आहेत. दाव्याला नकाशा हवा. मामांनी काढलेला नकाशा एका लग्नपत्रिकेच्या मागे आहे आणि त्यात हिरड्याची झाडं डोंगरापेक्षा उंच आहेत. जानेवारीच्या ग्रामसभेत ह्यावर बोलणं चाललं होतं. मी मागे भिंतीला टेकून शेंगा खात होतो. शेंगा संपल्या, तोंड रिकामं झालं, म्हणून बोललो की ड्रोनने फोटो काढू, कॉम्प्युटर ते जोडून नकाशा करेल, मी करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. मला आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आयटीआय सोडलं तेव्हा सरांनी माझ्या मागे वाजवल्या असतील तर माहीत नाही.

घोडेगावचा ऋषी लग्नांत ड्रोन उडवतो, त्याने दोन दिवस इथे उडवला. मी जंगलात खुणेची पांढरी फडकी अंथरली आणि ती वाऱ्याने हलू नयेत म्हणून दिवसभर उन्हात पहारा देत उभा राहिलो. एकेचाळीसशे फोटो आले. यंत्राला घातले तर ते म्हणतं, एकोणीस दिवस लागतील. सलग एकोणीस दिवस आपल्याकडे लाइट कधी राहिली होती, हे मामांनाही आठवत नाही. दोनदा लावून बघितलं. एकदा पाचव्या दिवशी गेली, एकदा सहाव्या. इन्व्हर्टर दीड तास टिकतो, मग सगळं पहिल्यापासून.

ग्रामसभा १६ मार्चला आहे. नकाशा भिंतीवर लावायचा, प्रत्येकाने आपापली जागा ओळखायची, सह्या-अंगठे करायचे आणि दावा तालुक्याला पाठवायचा. मामा रोज सकाळी यंत्रासमोर उभे राहतात, गाभण म्हशीकडे बघावं तसे, आणि विचारतात, "किती दिस ऱ्हायले रं?" मी रोज कालच्यापेक्षा मोठा आकडा सांगतो. ते मान हलवतात. रागावत नाहीत, ह्याचाच जास्त त्रास होतो.

ह्या यंत्राची डोकी बदलता येतात, असं तू एकदा बोलली होतीस. ते खरं का?

मोहित


बिबवेवाडी, ७ फेब्रुवारी

मोहित,

पाकीट उघडंच होतं. मी यार्डाच्या गेटावर पोचायच्या आत कुशाबाने विचारलं, "डोकी बदलायची का ओ ताई?" पुढच्या वेळी खळ लाव.

बदलता येतात. आत्ता त्यात चार-चार कोअरचे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे आठ माणसं कामावर आहेत असं समज. त्याच बोर्डावर पुढच्या पिढीचे चौदा-चौदा कोअरचे बसतात. अठ्ठावीस माणसं. एकोणीस दिवसांचं काम पाच-साडेपाच दिवसांत होईल. पण दोन्ही प्रोसेसर एकाच क्रमांकाचे लागतात. तशी जोडी मी बघते.

तू फक्त एक आकडा कळव. यंत्र सुरू होताना पहिल्या पानावर बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. बायोस म्हणजे यंत्र डोळे उघडल्यावर सगळ्यात आधी स्वतःशी जे पुटपुटतं ते. ते जुनं असेल तर नवे प्रोसेसर त्याला ओळखू येणार नाहीत. तो आकडा लिही आणि पत्र संपव. वाटेत काय दिसलं, कोण भेटलं, काही नको.

बाबांना अजून काही कबूल करू नकोस. त्यांनी दोन वर्षांत कुणावर रागवायचं सोडलंय, हे मीही बघते आहे.

जया


वाडी, १२ फेब्रुवारी

जयाताई,

आकडा मागच्या पानावर लिहिलाय. ते पहिलं पान डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात जातं. सात वेळा बंद-चालू केलं. आठव्या वेळी मामी चुलीपुढून म्हणाल्या, "जरा पडू दे की त्याला. सारखं काय उठवतूस." शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि थांबवून थांबवून वाचला. हुशारीचं काम केलं म्हणून लगेच मामांना सांगायला गेलो. मामा म्हणाले, "बरं. आता किती दिस?"

मामांना काही कबूल करू नको म्हणालीस, त्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच मी पाच दिवस म्हणून सांगून बसलो होतो. पुढचं वाचेपर्यंत ते वाडीभर सांगून आले होते.

दोन्हीच बदलायला हवेत का? सहज विचारतोय. एक नवा आणि एक जुना असं नाही का चालत?

बिबट्याचं सांगत नाही. तो शिनोलीत कुशाबाच्या पिकअपखाली बसला होता आणि कुशाबा दोन तास कोथिंबिरीच्या जुड्यांवर उभा होता, एवढंच.

मोहित


बिबवेवाडी, १७ फेब्रुवारी

मोहित,

नाही चालत. दोन्ही.

सोबत बेसनलाडूचा डबा आहे, त्यात लाडू नाहीत. चंदेरी पिशव्यांत दोन प्रोसेसर, पेस्टची नळी आणि एक पेन ड्राइव्ह आहे. हे पत्र पूर्ण वाच. वाचून झालं की पुन्हा वाच. मग हात धू.

सगळ्यात आधी, जुने प्रोसेसर जागेवर असतानाच, पेन ड्राइव्ह लावून बायोस नवं करायचं. कसं ते मागच्या पानावर लिहिलंय. हे झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. मग वायर काढायची, वरचे गार करायचे ठोकळे सोडवायचे, खटका उचलायचा आणि जुना प्रोसेसर कडेला धरून सरळ वर उचलायचा. खाली बोर्डावरच्या खाचेत दोन हजारांवर पिना असतात, केसाइतक्या बारीक. त्यांना बोट लागता कामा नये. नवा ठेवताना वरून टाकायचा नाही, अलगद टेकवायचा. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणावर. मग ठोकळा परत टेकवण्याआधी, उष्णता वर जायला, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. आंबेमोहोराच्या दाण्याएवढी. तुझा हात सढळ आहे म्हणून सांगतेय.

जुने दोन्ही ह्याच पिशव्यांत, ह्याच डब्यात घालून कुशाबाकडे परत दे. ते भंगार नाहीत. मला हवेत, आणि लवकर.

जया


वाडी, १ मार्च

जयाताई,

डबा व्यवस्थित मिळाला. काम उत्तम चाललंय. मधे एक दिवस भीमाशंकरला गेलो होतो. महाशिवरात्रीची गर्दी, आणि माझ्या दोस्ताच्या, भरतच्या, पेढ्याच्या दुकानात माणूस कमी होता. एका दिवसाचे चार झाले. पण मी डबा सोबत नेला नव्हता, एवढी अक्कल दाखवली.

आता काही शंका. ह्या माझ्या शंका नाहीत, इकडे एकजण विचारत होता. समजा, एखाद्याने बायोसच्या आधीच प्रोसेसर बदलले, तर यंत्र रागावतं की कायमचं जातं? समजा, त्या माणसाला जुने परत बसवायचे असतील आणि जुने त्या वेळी त्याच्याजवळ नसतील, तर काय करतात? आणि दोन हजार पिनांपैकी सात-आठ पिना वाकल्या तर उरलेल्यांवर भागतं का? म्हणजे हजारात तीन-चार. रेशनच्या तांदळात ह्यापेक्षा जास्त खडे असतात.

मामा मजेत आहेत. मामीही. पत्राला उत्तर लवकर दे. तो माणूस काळजीत आहे.

मोहित


बिबवेवाडी, ३ मार्च

मोहित,

त्या माणसाला माझा नमस्कार सांग, आणि त्याला म्हणावं खरं लिही.

सोळा तारखेला तेरा दिवस उरलेत. त्यातले पाच यंत्राचे, एक नकाशा छापायचा. मी तुला ओरडणार नाही, त्याला वेळ नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत. आत्ता बोर्डावर काय बसलंय, पिना कुठल्या खाचेत वाकल्यात, आणि माझे जुने दोन प्रोसेसर कुठे आहेत. पहिल्या खाचेत एक जरी जुना बसला तरी यंत्र उठेल आणि बायोस नवं करता येईल. म्हणून मला एक तरी जुना हवा. एक.

बाबांना कळलंय का?

जया


वाडी, ५ मार्च

जयाताई,

तो माणूस मीच आहे. तुला कळलंच असेल, पण लिहून टाकलं की बरं वाटतं.

पत्र मी दोनदा वाचलं होतं. पण ती पेन ड्राइव्हची पहिली पायरी मला नारळ फोडण्यासारखी वाटली. शुभ असतं, करावं, पण नंतर फोडला तरी ट्रॅक्टर चालतोच. म्हणून थेट पाना उचलला.

दुसरं. दोन्ही बदल म्हणालीस ते वाचलं होतं. पण आपल्याकडे नवा खोंड शिकवताना दोन खोंड एकत्र जुंपतात का कधी? चिखलणीला एका बाजूला जुना बैल, दुसऱ्या बाजूला खोंड. जुन्याला तास, चालायची ओळ, माहीत असतो, नवा त्याच्या चालीने शिकतो. मला वाटलं, दोन्ही नवे बसवले तर ह्या घराची रीत त्यांना सांगणार कोण? हे मी मामांना बोलून दाखवलं, तर मामांनाही पटलं. म्हणाले, "बराबर हाय. दोन खोंडं मानंवरच्या जुवाचं शिवळ मोडत्यात." तर चूक निम्मी तुझ्या वडिलांची आहे. मोठी निम्मी माझी.

पहिल्या खाचेत नवा बसवला, दुसऱ्या खाचेत जुना राहू दिला. बटण दाबलं. पंखे असे ओरडले की कोंबड्या उडाल्या. पडदा काळा.

त्याच सकाळी काढलेला जुना प्रोसेसर मी कुशाबाला देऊन टाकला होता. त्याने डबा फुकट आणला, म्हटलं काहीतरी द्यावं. खालून सगळा सोनेरी दिसतो, त्याला लई आवडला. गाडीच्या आरशाला टांगलाय.

पडदा काळा म्हटल्यावर मी घाबरलो आणि दुसराही जुना काढला, म्हटलं आता ताईचं ऐकू. उशीर झाला होता, पण ऐकलं. नवा अलगद टेकवत होतो, तेवढ्यात बाहेर कुणीतरी भरतचं नाव घेतलं, मी मान वळवली आणि प्रोसेसर हातातून तिरका सुटला. सात पिना झोपल्या. मी मोजल्या. पुन्हा काळा पडदा, आणि मग मी भीमाशंकरला पळून गेलो. गर्दी खरी होती, दुकानात माणूस कमी होता हेही खरं, पण मी पळूनच गेलो होतो. जाताना दुसरा जुना प्रोसेसर शर्टाच्या खिशात राहिला. चौथ्या दिवशी आलो, शर्ट ओट्यावर फेकला, आणि मामींनी तो ओढ्यावर धोपटला. मामी जेव्हा धुतात तेव्हा दगडाला पण घाम येतो. प्रोसेसरचे दोन कोपरे गेलेत. स्वच्छ मात्र झालाय.

आता चांगली बातमी, एकच आहे. पिना सरळ झाल्या. तुझ्या आईने केल्या.

परवा मी बोर्ड घेऊन अंगणात बसलो होतो, काही करत नव्हतो, नुसता बघत होतो. मामी आल्या. म्हणाल्या, "काय रुतलंय?"

म्हटलं, "रुतलं नाय मामी. पिना वाकल्यात."

"दाव."

दाखवल्या. त्यांनी बोर्ड उन्हाकडे तिरका केला, जसा पाय धरतात तसा. वाडीतल्या निम्म्या पायांतले काटे त्यांनीच काढलेत, हे तुला माहीत आहे. तुझाही एक काढला असेल. घरात गेल्या, बारीक सुई आणली, चष्मा आणला नाही.

म्हटलं, "मामी, ह्या दोन हजार आहेत, एक मोडली तरी यंत्र मेलं."

"दोन हजारांशी मला काय करायचंय. सातच वाकल्यात ना? तू लांब बस. तोंड तिकडं कर. ह्याच्यावर श्वास सोडू नको."

मी तोंड फिरवून बसलो. दीड तास. मधे एकदा म्हणाल्या, "ही जरा हट्टी हाय."  मग म्हणाल्या, "बघ." ताई, मी मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं. कुठल्या सात होत्या ते मला सांगता येईना.

मामांना कळलंय. त्यांनी विचारलं, "व्हईल का?" मी पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही. म्हटलं, माहीत नाही. तर ते म्हणाले, "आसं सांगत जा. म्हंजी मला लग्नपत्रिकंचा नकाशा फेकायचा का ठिवायचा ते कळंल." आणि तो परत ट्रंकेत ठेवला. ती ट्रंक बंद होताना जो आवाज झाला, तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आत्ता बोर्डावर काहीही बसलेलं नाही. मी हात लावत नाहीये. तू सांगशील ते, सांगशील त्या क्रमाने.

मोहित


मार्केट यार्ड, ८ मार्च

मोहित,

हे पत्र मी कुशाबाच्या गाडीत बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे.

तुझं पत्रही इथेच बसून वाचलं. 'आरशाला टांगलाय' ह्या ओळीवर आले आणि मान वर केली. लिंबू, सात मिरच्या, आणि त्यांच्या मधोमध माझा प्रोसेसर, लाल दोऱ्यात. दहा-बारा दिवस मी ह्याच खिडकीतून पाकिटं घेत होते. शिनोली ते पुणे तो किती वेळा आला आणि परत गेला, तूच हिशेब कर.

कुशाबा सोडायला तयार नव्हता. "ताई, ह्ये टांगल्यापासून येक पंचर न्हाई." मी घरी गेले, खणातून एक मेलेला प्रोसेसर आणला आणि बदल्यात दिला. त्याने दोन्ही उन्हात धरून बघितले आणि म्हणाला, "ह्यो जास्त पिवळा हाय." मग खूश झाला.

प्रोसेसर डब्यात आहे. लिंबाचा डाग मी पुसलाय. आता क्रम. हा जुना एकटा पहिल्या खाचेत. दुसरी खाच रिकामी. यंत्र उठेल, पण मेमरी अर्धीच दाखवेल, घाबरू नकोस. निम्मी मेमरी दुसऱ्या खाचेच्या ताब्यात असते. पेन ड्राइव्ह लावून बायोस नवं कर. नारळ आधी. ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा जाईल, म्हणून इन्व्हर्टर पूर्ण भरून घे आणि मगच सुरू कर. ते झालं की यंत्र बंद, वायर काढ, जुना उचल, दोन्ही नवे बसव. बसवताना आईला शेजारी बसव. तुझी मान वळली तर ती सरळ करेल.

तुझी खोंडाची गोष्ट वाचून मला हसू आलं नाही, म्हणजे लगेच आलं नाही. बैल एकमेकांना बघून शिकतात. हे दोघं एकमेकांना शिकवत नाहीत, एकाच तासात एकाच चालीने चालतात, किंवा चालतच नाहीत.

दहा तारखेला सकाळी काम लागलं, तर पंधराला दुपारपर्यंत होईल. मधे दीड तासाहून जास्त लाइट जाता कामा नये. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

जया


वाडी, १७ मार्च

जयाताई,

पत्र लांब होणार आहे. जे विचारलं नाहीस तेही सांगणार आहे.

नऊ तारखेला संध्याकाळी नारळ आधी फोडला, खराखुरा आणि तुझ्या पेन ड्राइव्हचाही. इन्व्हर्टर भरलेला होता. पट्टी शंभरपर्यंत जायला चार मिनिटं लागली आणि तेवढा वेळ मामांनी पिठाच्या गिरणीवर जाऊन गिरणी बंद ठेवायला लावली. पेस्ट आंबेमोहोराच्या दाण्याएवढीच घातली. दाणा मामींनी डब्यातून आणून शेजारी ठेवला होता, मापाला. दोन्ही नवे बसवताना मामींनी माझा कान धरून ठेवला होता. मान वळलीच नाही.

बटण दाबलं. पंखे ओरडले, मग गप्प झाले. पडद्यावर अठ्ठावीस आलं. मामांनी विचारलं, "किती दिस?" मी म्हटलं, यंत्र पाच म्हणतंय, मी काही म्हणत नाही.

बाराला दुपारी लाइट गेली. एक तास झाला, सव्वा झाला. इन्व्हर्टर पिपाणी वाजवायला लागला. मी पळत खाली रस्त्यावर आलो तर कुशाबा रिकामी गाडी घेऊन परत येत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही, पत्रं सगळी त्याने वाचलीत. त्याने पिकअप थेट अंगणात घातली, मामींचा वाळत घातलेला नाचणीचा पसारा वाचवून, बॉनेट उघडलं आणि गाडीच्या बॅटरीच्या वायरी इन्व्हर्टरला जोडल्या. गाडी चालू ठेवून अडीच तास अंगणात उभा होता. मधे मधे ॲक्सिलरेटर दाबायचा आणि आरशातल्या तुझ्या त्या मेलेल्या प्रोसेसरला हात लावायचा.

तेव्हाच त्याने मला एक गोष्ट सांगितली. मामींनी तांदूळ पाठवले होते, ते द्यायला तो तुझ्या खोलीवर वर आला होता. म्हणाला, "ताईचं मशीन उघडं पडलंय. आत दोन चौकोन मोकळे. वर वर्तमानपत्र झाकलंय." ताई, ही जोडी तू बाजारात बघितली नव्हतीस. तुझ्याच यंत्रातली काढून पाठवलीस. म्हणून जुने दोन्ही लवकर मागत होतीस. त्यांच्यावर तू तुझी घरांची चित्रं कशीतरी ओढली असतीस, आणि मी एक आरशाला टांगला, एक ओढ्यावर धुतला. महिनाभर तू बिल्डरांची कामं परत पाठवलीस, हेही कुशाबानेच सांगितलं. तू त्याला सांगितलंस आणि मला नाही. बरोबर केलंस, मला सांगितलं असतंस तर मी घाबरून आणखी काहीतरी केलं असतं.

पंधराला सकाळी साडेअकराला काम संपलं. घोडेगावला फ्लेक्सवर छापून घेतलं, बारा फूट बाय आठ. दुकानदाराने वर कोपऱ्यात वाढदिवसाच्या फुलांची कमान टाकू का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो. आधी हो म्हणणार होतो.

काल ग्रामसभा. नकाशा शाळेच्या भिंतीवर लावला.  मग ठकूबाई, वाडीत सगळ्यात वयस्क त्याच, काठी टेकत पुढे आल्या आणि एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो माजा हिरडा. ह्याच्या खाली मी बाळंत झालेली." मग सगळेच उठले. हा झरा, ही देवराई, इथे गुरं बसतात, इथून पाणंद जाते. नकाशा इतका बारीक आलाय की दगड मोजावेत. मामा बाजूला उभे होते, लग्नपत्रिका खिशात. प्रत्येक जागा त्यांच्या नकाशातही होती, त्यांनी एकेक ताडून बघितली. एकही चुकली नव्हती. फक्त झाडं छोटी झाली होती.

आणि तेवढ्यात ठकूबाई म्हणाल्या, "आन् ह्ये कोण पडलंय?"

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी दिवसभर उन्हात पहारा देत उभा होतो. ताई, मी एक तास उभा होतो. मग एका पानं झडलेल्या झाडाखाली जरा टेकलो. यंत्राने ते इतकं स्पष्ट जोडलंय, की निळा शर्ट, एक पाय गुडघ्यात वाकवलेला, तोंड उघडं, आणि राखण करायचं ते पांढरं फडकं घडी घालून डोक्याखाली. जुने प्रोसेसर असते तर वेळेपायी नकाशा भरड काढावा लागला असता आणि मी नुसता निळा डाग झालो असतो. तुझ्या अठ्ठावीस कामगारांनी माझे दातसुद्धा सोडले नाहीत. अख्खी वाडी भिंतीपुढे वाकून मला बघत होती. कुशाबा तर खुर्चीवर चढला.

मी म्हटलं, मी हे पुसून पुन्हा छापून आणतो, दोन तास द्या. मामा पुढे आले. त्या निळ्या शर्टावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला. उद्या कुणी इचारलं, ह्या जंगलात तुमचं मानूस आसतं कशावरनं, तर ह्याच्यावर बोट ठिवायचं. परक्याच्या जागंत कुणी आसं झोपतं व्हय?"

आणि नकाशाच्या कडेला जी खुणांची यादी आहे, झरे, हिरडे, देवराई, पाणंदी, तिच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने मार्करने लिहिलं: सत्तावीस, मोहित, झोपलेला. मग त्याच्या शेजारी पहिली सही केली. दोनशे अकरा सह्या-अंगठे झाले. दावा आज सकाळी तालुक्याला गेला, पोच मामांच्या खिशात आहे, लग्नपत्रिकेला टाचून.

तुझी जोडी मी उद्या काढतो आणि डब्यात घालून कुशाबाकडे देतो. इथे तो लिंबाच्या वासाचा एकटा जुना पुरेल. पुढचं मोठं काम येईपर्यंत अर्ध्या मेमरीवर भागेल. माझं तर कायम तेवढ्यावरच भागत आलंय.

मोहित


बिबवेवाडी, २० मार्च

मोहित,

जोडी कुशाबाकडे देऊ नकोस. आरसा रिकामा नसला तरी त्याच्या गाडीत अजून टांगायला जागा आहे.

तू स्वतः घेऊन ये. माझं यंत्र उघडंच आहे, वर्तमानपत्र तेवढं काढायचं. बसवायचे तूच. मी शेजारी बसेन, हात मागे बांधून, आणि एक शब्द बोलणार नाही. कान धरायला आईला आणलंस तर तिलाही बघता येईल मी कुठे राहते ते. बाबांना विचार, त्यांच्याकडे नकाशाची छोटी प्रत आहे का. मला टेबलासमोरच्या भिंतीवर लावायची आहे, सत्तावीस नंबर दिसेल अशी.

रविवारी ये. वाटेत मंचरला उतरू नकोस, राजगुरुनगरला चहाला थांबू नकोस, भरतचं कुणी नाव घेतलं तर ऐकू आलं नाही असं समज. गाडीत झोपलास तरी चालेल. फक्त डबा डोक्याखाली घेऊ नकोस.

जया